म्हातारीचा दोर

९ जून, कामेझाकी

सोसायटीने शेवटी मलाच पाठवायचं ठरवलं. दुसरं आहे कोण? उद्या सरकारचं संशोधन जहाज येतंय, 'आओशिओ'. फेब्रुवारीतल्या भूकंपाने समुद्राचा तळ कुठे, किती सरकला ते मोजणार आहेत. आपल्या पाण्यात परकं जहाज फिरणार म्हणजे मासेमारी सोसायटीचा एक माणूस त्यावर हवाच. कोणाची जाळी कुठे, पिंजरे कुठे, हे सांगायला. जाळी कसली डोंबलाची! लाटेने गावात सुतळीचा तोडा ठेवला नाही. पण रिवाज तो रिवाज. आणि अठरा वर्षं मी सगळ्या तांडेलांचा मुख्य आहे. ओनोदेरा तोकुजिरोला सोडून जहाज आपल्या खाडीत शिरेल कसं?

गेन्पेइ मात्र बैठकीत खाली बघून म्हणाला, "तोकु, तू नको जाऊस. मी जातो."

मी म्हटलं, "का? मला समुद्र लागतो की काय?"

कोणी हसलं नाही. हल्ली ह्या लोकांना विनोदही कळेनासे झालेत.

सकाळी न्याहारीला मिसाओने परत तेच काढलं.

"बाबा, त्या दिवशी वायरलेसवर शेवटचं काय बोलणं झालं?"

"किती वेळा सांगू? 'परत येतोय' म्हणाला. घाबरला, फिरला, संपलं."

"त्याआधी तुम्ही काय म्हणालात?"

"मी कशाला काय म्हणू?"

"बरं," म्हणाली आणि पोरीच्या, चिएच्या, वेण्या घालायला लागली. फेब्रुवारीपासून हे आठव्यांदा. तिचा नवरा गेला, मान्य. पण माझाही जावई गेलाच की. मी कोणाला धरून प्रश्न विचारत बसतो का?

१० जून, जहाजावर

जहाज मोठं, माणसं पोरसवदा. प्रमुख म्हणजे इझावा मादोका नावाच्या बाई, चाळिशीच्या, अंगापेक्षा चष्मा मोठा. बोलतात मात्र अदबीने. मला 'काका' म्हणतात.

नकाशे दाखवले. "काका, हा भूकंपाआधीचा तळ. आता आम्ही नवा नकाशा काढणार. एकातून दुसरा वजा केला की जे हललं तेवढंच उरतं."

"आणि मग त्याचं काय लोणचं घालणार?"

हसल्या. म्हणाल्या, एका ठिकाणी तळ पंचवीस मीटर सरकलाय आणि पाच मीटर वर आलाय, असा अंदाज आहे. पंचवीस मीटर म्हणजे आमच्या घरापासून देवळाची पायरी.

मग त्यांनी पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, जाळी दाखवा, तिथे आम्ही यंत्र उतरवणार नाही. सोसायटीचा शब्द त्यांना शिरसावंद्य. मी तीन चौकोन काढले. मग चौथा काढला, खाडीच्या तोंडाबाहेर, साठ वाव खोल पाण्यावर. असतील कोणाची तरी. सांभाळलेलं बरं.

बिछान्यात पडलं की जहाजाच्या पोटातून टुक् टुक् आवाज येतो. तळाला हाक मारतंय आणि उत्तर ऐकतंय म्हणे.

१२ जून

लाटा मोठ्या, काम बंद. पोरं ओकतायत. मला वेळ आहे, तर एकदाचं लिहून ठेवतो.

जमीन जोरात हलली की आमच्याकडे बोटी धक्क्याला ठेवत नाहीत. हातातलं टाकून तांडेल बोट काढतो आणि शंभर वावांच्या पलीकडे नेतो. खोल पाण्यात लाट नुसती बोटीखालून निघून जाते. मग मुख्य वायरलेसवर 'या' म्हणेपर्यंत कोणी परतायचं नाही, दिवस लागो की दोन. बापजाद्यांचा नियम. मुख्य मी, म्हणून देवळाच्या टेकडीवर वायरलेस घेऊन मी बसलो होतो.

बारा बोटी वेळेत पलीकडे पोचल्या. माझ्या जावयाची, कियोहारुची, 'तोकुएइ' सगळ्यांत शेवटी, पण पोचली. पहिली लाट आली, ओसरली. बाराही जणांनी 'ठीक आहे' कळवलं. आणि तेवढ्यात मला म्हातारी सुटलेली दिसली. म्हातारी म्हणजे माझ्या वडिलांची लाकडी बोट. ओसरत्या पाण्याबरोबर रिकामी, डुलत डुलत बंदराबाहेर चालली होती. पन्नास वर्षं मी तिला दर वसंतात रंग दिलाय. मी वायरलेसवर एवढंच म्हणालो, म्हातारी चालली. बस. 'ये' हा शब्द माझ्या तोंडून गेला नाही. कुठल्याही देवळात शपथेवर सांगेन.

तो आपण होऊन फिरला. डोंगरापलीकडच्या सफरचंदवाल्यांचा पोरगा. अकरा वर्षांपूर्वी घरजावई म्हणून आला, आमचं आडनाव लावलं, तेव्हा धक्क्यावर उभ्या बोटीतसुद्धा ओकायचा. बायको-पोरीच्या काळजीने धीर सुटला असेल. गावात मी तेच सांगितलं. मेलेल्याला घाबरट म्हणताना मला काही गुदगुल्या होत नव्हत्या. पण लोक विचारतात, काहीतरी सांगावं लागतं.

दुसरी लाट पहिलीच्या दुप्पट होती.

१३ जून

चिखलात लांब नळी खुपसून वर काढली. उभी चिरली की थर दिसतात, एकेक थर एकेका भूकंपाचा. सगळ्यात वरच्या थरात चटईचं गवत आणि एक पांढरं बटण. इझावाबाई बटणाकडे बघत बसल्या आणि मग बाहेर निघून गेल्या. शास्त्रज्ञाने असं हळवं असून कसं चालेल? शाळेच्या गणवेशाचं बटण होतं. मी ओळखलं, पण कोणी विचारलं नाही.

शुक्रवार, म्हणून जहाजाच्या रिवाजाप्रमाणे करी-भात. तिखट बरं होतं.

१४ जून

भूकंपानंतरच्या आठवड्यात ह्यांनी तळावर पंधरा यंत्रं सोडली होती, पुढचे धक्के ऐकायला. आता ती परत गोळा करतायत. वरून खूण केली की यंत्र आपलं लोखंडी वजन खाली टाकतं आणि पिवळ्या गोळ्यासारखं वर येतं. आज चौदा आली. चौदा नंबरचं तेवढं आलं नाही. उत्तर देतंय, पण जागचं हलत नाही. कशात तरी अडकलंय.

कुठे आहे ते विचारलं. माझ्या चौथ्या चौकोनात.

१५ जून

सकाळीच इझावाबाई आणि कप्तान दोघं माझ्यासमोर वाकून उभे. "काका, फक्त कॅमेरा उतरवू. जाळ्याला धक्का लावणार नाही. चार महिन्यांचे धक्के आहेत त्या यंत्रात, परत मिळायचे नाहीत."

मी म्हटलं, "नाही म्हणजे नाही. जाळं फाटलं तर गरिबाने काय करायचं?"

"कोणाचं जाळं आहे? मी स्वतः त्यांची परवानगी मागते."

आता नाव तर द्यायलाच हवं. तोंडाला येईल ते दिलं. आलं हाताकेयामा गेन्पेइचं. बाईंनी लगेच सोसायटीत फोन लावला! माणसाने इतकं नियमाने वागू नये. दोन मिनिटांत परत आल्या, चेहरा कोरा.

"हाताकेयामाकाका म्हणाले, त्यांचं तिथे काही नाही. म्हणाले, बघा. नीट बघा."

गेन्पेइला कोणी सांगितला होता हा शहाणपणा? चाळीस वर्षांची दोस्ती, आणि एक 'हो' म्हणायला जीभ झडली त्याची.

१६ जून

कॅमेऱ्याचं यंत्र खाली गेलं. त्याला एक लोखंडी हात आहे आणि दोन दिवे. पडद्यावर आधी नुसता धुरळा. मग पिवळा गोळा, चौदा नंबर, एका निळ्या दोरात गुंतलेला. तरंगणारा दोर, मधून वर उचललेला. बाई म्हणाल्या, दोराच्या कडेने चला.

एका टोकाला म्हातारी. कुशीवर पडलेली, रंग अजून तसाच.

दुसऱ्या टोकाला तोकुएइ. ती सरळ बसली होती. तोंड खोल समुद्राकडे. केबिनचं दार बंद, काचा शाबूत. नाव वाचता येत होतं. ती अक्षरं मी रंगवलीत.

दोर तोकुएइच्या मागच्या खुंट्याला बांधलेला होता. गाठ बघितली. दुहेरी, वर एक अढी. ती आमच्या घरची गाठ, गावात दुसरं कोणी मारत नाही. अकरा वर्षं शिकवली तरी कियोहारु उलटी मारायचा, आणि मी चारचौघांत त्याच्या बोटांवर दोरी हाणायचो. ह्या वेळी बिनचूक. एवढी लाट आली, चार महिने गेले, तसूभर सैल नाही. खरं सांगतो, ऊर भरून आला. बोटीवर ओकणारा पोरगा, शिकला शेवटी.

सगळे माझ्याकडे बघत होते. इझावाबाई हळूच म्हणाल्या, "काका, म्हणजे ते घाबरून बंदरात पळत नव्हते. आत आले, ही बोट बांधली आणि ओढत परत खोल पाण्याकडे निघाले होते. आणखी दहा मिनिटं मिळाली असती तर…"

"हं."

"एकदा बाहेर पोचल्यावर आत यायला कोणी सांगितलं असेल त्यांना?"

"कोण सांगणार? घरजावई होता. सासऱ्याच्या नजरेत भरायची हौस."

बाईंनी पडद्यावरच्या केबिनवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "केबिनच्या खिडकीतून प्रकाश टाकून बघू? अर्धा तास लागेल. आत ते असले तर तटरक्षक दलाला कळवता येईल, वर आणता येईल. पण हो-नाही घरच्यांनी म्हणायचं."

"नको."

"त्यांच्या पत्नींना फोन करून विचारू का?"

"घरात मोठा मी आहे. नको म्हटलं ना? मेल्या माणसाला कशाला त्रास?"

त्यांनी मान लववली. मग लोखंडी हाताने दोर कापला. फट्कन सुटला आणि चौदा नंबर वर निघाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मग माझ्याकडे बघून थांबली.

प्रेत सापडलं नाही, म्हणून मिसाओने हाडांच्या जागी त्याची लोकरीची टोपी ठेवून क्रिया केलीय. भिक्षूंनी मेल्यानंतरचं नवं नाव दिलंय, त्या नावाची पाटी देव्हाऱ्यात बसलीय. झालं ना सगळं रीतसर? आता आत तो निघाला असता तर नवे प्रश्न, नसता निघाला तरी नवे प्रश्न. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जेवण गेलं नाही. मासा कच्चा होता.

२० जून, कामेझाकी

उतरलो. बाईंनी जाताना पाकीट दिलं, सहा फोटो. "ताईंना द्या," म्हणाल्या, आणि पाकिटावरचा हात काढायला जरा वेळ लावला.

धक्क्यावर गेन्पेइ उभा होता.

"दिसलं?"

"काय दिसायचंय? जावई माझा मेला, तुझ्या नाकाला का मिरच्या झोंबतायत?"

"'ओनोदेरांचा असशील तर म्हातारीला सोडणार नाहीस.'" माझ्या आवाजाची नक्कल केल्यासारखं म्हणाला. "अकरा बोटींनी ऐकलं, तोकु. उघड्या चॅनेलवर बोललास तू. तो माझ्या शेजारीच होता, हाकेच्या अंतरावर. मी ओरडलो, जाऊ नकोस. त्याने मला हात केला आणि बोट वळवली."

"वारा होता. तुला काय ऐकू येतंय!"

"मिसाओला तू सांगशील म्हणून आम्ही चार महिने तोंड शिवून बसलो. मुख्य आहेस, मान ठेवला. मेलेल्या पोराला घाबरट म्हणालास, तेही गिळलं. आता नाही."

इंजिनाच्या आवाजाने गेन्पेइचे कान केव्हाच गेलेत. आणि समजा मी तसं म्हटलं असेन, तर ते बोलण्याच्या ओघात. जावयाला घरात आपण असं म्हणतोच. ताट अर्धं टाकलं, 'ओनोदेरांचा असशील तर टाकणार नाहीस.' उशिरा उठला, तेच. तो हसून घ्यायचा. त्या दिवशीच मनावर घ्यायचं काही कारण नव्हतं.

सहांपैकी पाच फोटोंत दोर दिसतो. ते न्हाणीच्या चुलीत घातले. एक ठेवला, नावाचा.

२१ जून

फोटो दिला. मिसाओने दोन्ही हातांनी घेतला आणि किती तरी वेळ नुसतं नाव बघत बसली.

"एकच काढला त्यांनी?"

"एकच. खाली अंधार असतो, तुला काय वाटलं?"

"दोर होता का बाबा?"

हिला दोराचं कसं सुचलं? बायकांचं डोकं कुठून कुठे धावेल, सांगता येत नाही.

"कसला दोर? नव्हता."

"केबिन?"

"फुटलेली. आत कोणी नव्हतं, मी स्वतः पाहिलं."

चिए अंगणात दोरीवरच्या उड्या मोजत होती. चाळीसपर्यंत गेली, चुकली, पहिल्यापासून सुरू केलं.

"आता एकदाच विचारते. परत कधीच विचारणार नाही. तुम्ही त्याला बोलावलंत का?"

"नाही."

तिने फोटो बाजूला ठेवला. गुडघ्यांवर मागे सरकली, दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ हातांपर्यंत नेलं. म्हणाली, "आजपर्यंत सांभाळलंत. फार उपकार झाले."

हे वाक्य आमच्याकडे मुली सासरी निघताना बापाला म्हणतात. मिसाओवर ती वेळ आलीच नव्हती, घरात जावई आणला होता ना. दुःखात माणूस काहीही बोलतं. मी म्हटलं, "बरं बरं, ऊठ." मला मात्र हलकं वाटलं. पटलं तिला एकदाचं. चार महिन्यांत पहिल्यांदा दोन वाट्या भात खाल्ला.

२४ जून

मिसाओ चिएला घेऊन सफरचंदवाल्यांकडे गेली. कियोहारुच्या आईला भेटायला. ऑगस्टात त्याचं पहिलं पितरांचं पर्व आहे, तिला नात बघावीशी वाटत असेल. देव्हाऱ्यातली त्याची पाटीही नेली. हे मला आवडलं नाही. आमचं नाव लावलेला माणूस, त्याची पाटी आमच्याच घरात हवी. पण दाखवून परत आणेल. चिएची शाळेची पिशवीही दिसत नाही. अभ्यास बुडू नये म्हणून नेली असणार, पोरगी हुशार आहे.

२८ जून

सोसायटीची बैठक. मुख्य म्हणून आता गेन्पेइ. पुढच्या वेळी जमीन हलली तर वायरलेसवर तोच बसणार. हात वर करायला सांगितले, सगळ्यांनी केले, एकही मागे नाही. माझं वय झालं म्हणे. सत्तरी ओलांडली की लोक असेच वाटेला लावतात. मी उठून सगळ्यांना वाकून नमस्कार केला, उलट कोणी केला नाही.

३ जुलै

दुपारी अचानक इझावाबाई आल्या. काळे कपडे, हातात फुलं. देव्हाऱ्यापुढे बसल्या, पाटी नाही बघून थबकल्या, तरी उदबत्ती लावली.

मी म्हटलं, "मिसाओ माहेर... म्हणजे नवऱ्याच्या घरी गेलीय. चार दिवसांत येईल. फोटो दिला मी तिला."

"हो, त्यांना सगळे पोचले. मीच पाठवले."

"सगळे?"

"त्यांनी जहाजावर फोन केला होता. हाताकेयामाकाकांनी नंबर दिला म्हणाल्या. अठरा तारखेला. दोर होता का, विचारलं. मी होता म्हटलं. गाठीचंही सांगितलं." बाई चष्मा पुसत होत्या. "रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, केबिनमध्ये बघायला नको कोण म्हणालं?"

मी चहा ओतायला घेतला.

"मी खोटं सांगू शकले नाही, काका."

चहा दिला, तो त्यांनी घेतला नाही. निघताना म्हणाल्या, आठ तारखेला जहाज परत त्या जागी जातंय, तटरक्षक दलाचे लोक बरोबर आहेत. बायकोची सही आली की दुसऱ्या कोणाचं 'नको' चालत नाही. आणि ह्या वेळी सोसायटीचा माणूस म्हणून मिसाओच येणार आहे जहाजावर. बैठकीत ठरलंय. कोणत्या बैठकीत? मला कोणी बोललं नाही.

बाई गेल्यावर ही वही काढून तारखा तपासल्या. मिसाओने मला दोराचं विचारलं ते एकवीसला. फोन अठराचा असेल, तर सगळं माहीत असूनही ती मला विचारत होती असं होतं, आणि ते शक्य नाही. माझी मुलगी अशी नाही. इझावाबाईंचाच घोळ झाला असणार. तळ मोजणाऱ्या माणसांना तारखा कुठल्या कळतात?

आठ तारखेचं जहाज म्हणजे मिसाओला सातलाच गावात यावं लागेल. ती आणि चिए, दोघींच्या गाद्या आज उन्हात टाकल्या.